ऑइलचा दिवा लागला म्हणून लगेच पंप बदलू नका

छोट्या गाडीच्या इंजिनात ऑइल फिरवणाऱ्या ऑइल पंपाची गंमत अशी, की गॅरेजमध्ये त्याचं नाव सारखं निघतं आणि दोष मात्र क्वचितच त्याचा असतो. डॅशबोर्डवर किटलीच्या चित्राचा लाल दिवा लागला की कुणीतरी ‘पंप गेला’ म्हणून मोकळं होतं. नवा पंप बसतो, पैसे जातात, आणि थोड्या दिवसांनी तोच दिवा पुन्हा लुकलुकू लागतो. जुना पंप धडधाकटच होता. त्याच्या तोंडापर्यंत ऑइल येत नव्हतं, नाहीतर त्याने ढकललेलं ऑइल पुढे वाटेतच सांडून जात होतं. हे वाचून तुम्ही स्वतः पंप खोलावा अशी अपेक्षा नाही. पण मेकॅनिकने पंपाचं नाव काढलं, तर त्याला काय विचारायचं हे माहीत असावं.

उदाहरणाला मारुती ८०० घेऊ. डिसेंबर १९८३ मध्ये ती रस्त्यावर आली, २०१४ च्या सुरुवातीला तिचं उत्पादन थांबलं, आणि तिचं ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन तालुक्याच्या गावातल्या मेकॅनिकनेही कधी ना कधी खोललेलं असतं. ओम्नी आणि जुनी अल्टो यांची इंजिनं त्याच घराण्यातली. बाकी छोट्या पेट्रोल गाड्यांतही रचना बरीचशी अशीच असते. फरक असेल तिथे सांगतो.

इंजिनाच्या तळाशी एक भांडं असतं. पुस्तकात त्याला संप म्हणतात, आपले मेकॅनिक चेंबर म्हणतात. त्यात तीन लिटरच्या आसपास ऑइल असतं. चेंबरच्या तळापासून थोड्याच उंचीवर एक जाळी बसवलेली असते आणि तिच्यापासून नळी पंपापर्यंत जाते. पंप क्रँकशाफ्टच्या, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या, पुढच्या टोकावर, पुली आणि टायमिंग बेल्टच्या मागे दडलेला असतो. क्रँक फिरला की पंप फिरलाच. मधे ना बेल्ट, ना चेन. प्रीमियर पद्मिनीसारख्या जुन्या गाड्यांत पंपाला कॅमशाफ्टवरून, म्हणजे झडपा उघडणाऱ्या दांड्यावरून, गती मिळायची, त्यामुळे तो क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरायचा. मारुतीत तो क्रँकवरच असल्याने गाडी सुरू झाल्याबरोबर पूर्ण कामाला लागतो.

पंपाच्या आत बघावं तर दोनच फिरते भाग. आतला रोटर क्रँकवर बसतो. त्याच्याभोवती बाहेरचा रोटर असतो आणि त्याच्या आतल्या अंगाला आतल्याच्या दातांपेक्षा एक खाच जास्त असते. दोघांची केंद्रं एकमेकांपासून किंचित सरकवलेली असतात. त्यामुळे फिरताना एका बाजूला दोघांमधली पोकळी मोठी होत जाते आणि तिथे ऑइल ओढलं जातं. दुसऱ्या बाजूला ती लहान होत जाते आणि ऑइल पुढे ढकललं जातं. या प्रकाराला ट्रोकॉइड पंप म्हणतात. रोटरमध्ये स्प्रिंग नाही, झडप नाही, रबर नाही, आणि फिरणारे दोन्ही भाग सतत ऑइलमध्ये भिजलेले. त्याच्या दीर्घायुष्याचं रहस्य एवढंच.

एक कमकुवत जागा मात्र आहे. फिल्टर पंपाच्या पुढे असतो, मागे नाही. म्हणजे इंजिनातल्या प्रत्येक बेअरिंगला (फिरता दांडा ज्या आधारात फिरतो त्याला) गाळलेलं ऑइल मिळतं आणि पंपाला न गाळलेलं. जाळीतून जे जे निसटेल, ती कार्बनची भुकटी असो नाहीतर धातूचा बारीक चुरा, ते आधी पंप गिळतो. वर्षानुवर्षं काळंकुट्ट ऑइल घालून गाडी चालवली, तर रोटर आणि पंपाचं झाकण यांच्यावर बारीक चरे पडतात. पंप झिजतो तो असा. वयाचा त्यात फारसा संबंध नाही.

फिल्टरमधून निघालेल्या ऑइलला दोन वाटा फुटतात. एक वाट क्रँकच्या मेन बेअरिंगकडे जाते, आणि तिथून क्रँकमध्ये पाडलेल्या छिद्रांतून पिस्टन आणि क्रँक जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडच्या क्रँककडच्या टोकाकडे, म्हणजे बिग एंडकडे. तिथून उडणारं ऑइल पिस्टन आणि सिलिंडरच्या भिंती भिजवतं. दुसरी वाट वर इंजिनाच्या माथ्यावरच्या हेडमध्ये जाते, कॅमशाफ्ट आणि झडपा दाबणाऱ्या रॉकर आर्मपर्यंत. मग सगळं ऑइल आपापल्या वजनाने खाली ओघळून चेंबरमध्ये परत येतं.

प्रेशर कुठून येतं?

इथेच बहुतेकांचा गोंधळ होतो. पंप प्रेशर तयार करत नाही, तो ऑइल ढकलतो. ढकललेल्या ऑइलला पुढे अडथळा झाला की प्रेशर तयार होतं. ज्यांच्या शेतात ठिबक आहे त्यांना हे सांगावं लागत नाही. मोटर तीच, पाणी तेवढंच. पण मधल्या नळ्या दोन-चार ठिकाणी फुटल्या की शेवटच्या ओळीतली झाडं कोरडी राहतात. आणि विहिरीतल्या फूटव्हॉल्व्हची जाळी शेवाळाने धरली, तर नळ्या कितीही चांगल्या असोत, मोटर नुसती गुरगुरत बसते. दोन्ही वेळा मोटर बदलून उपयोग नसतो. इंजिनात फुटलेल्या नळ्या म्हणजे झिजलेली बेअरिंगं, आणि शेवटची ओळ म्हणजे वरचं हेड. म्हणून प्रेशर घसरलं की टकटक बऱ्याचदा आधी वरून, रॉकरकडून ऐकू येते.

मेन बेअरिंग आणि क्रँक यांच्यामधली फट नव्या इंजिनात मिलिमीटरच्या काही शतांश भागांइतकीच असते. एवढ्याशा फटीतून ऑइलला वाट काढायला जोर लागतो, म्हणून प्रेशर टिकतं. फट वाढली की ऑइल सहज निसटतं आणि तोच पंप, तेवढंच ऑइल ढकलूनही, प्रेशर दाखवू शकत नाही.

मग हे प्रेशरच क्रँकला बेअरिंगवर तोलून धरतं का? नाही, आणि याचा शोध कसा लागला ते मोठं मजेशीर आहे. इंग्लंडमध्ये १८८३ साली बीचम टॉवर नावाचा इंजिनिअर रेल्वेच्या आसासाठी लागणाऱ्या बेअरिंगचे प्रयोग करत होता. ऑइल घालायला त्याने बेअरिंगच्या माथ्यावर छिद्र पाडलं, तर ऑइल आत जाण्याऐवजी त्यातून बाहेरच येऊ लागलं. त्याने बूच ठोकलं, ते उडालं. लाकडी खुंटी ठोकली, तीही बाहेर आली. शेवटी त्याने तिथे गेज लावलं आणि काटा गेजच्या टोकाला जाऊन भिडला. तिथे पंप नव्हताच. फिरणारा आसच ऑइलला आपल्याबरोबर ओढून अरुंद जागेत पाचरीसारखं घुसवत होता, आणि त्या पाचरीवर तरंगत होता. १८८६ मध्ये ऑस्बोर्न रेनॉल्ड्सने त्याचं गणित मांडलं, आणि बेअरिंगची गणितं आजही त्याच पायावर होतात.

आपल्या क्रँकचंही तसंच. भार ही पाचर उचलते. पंपाने फक्त तिथे ऑइल कमी पडू द्यायचं नाही आणि घर्षणाची उष्णता वाहून न्यायची. पुरवठा थांबला की पाचर मोडते, धातूला धातू लागतो, आणि बेअरिंगचा मऊ थर बघता बघता वितळतो. इंजिन बसतं ते असं. भर वेगात असेल तर त्याला मिनिटसुद्धा पुरतं.

आता उलटी बाजू. गाडी जोरात पळताना पंप गरजेपेक्षा कितीतरी जास्त ऑइल ढकलतो. त्यासाठी पंपाच्या अंगातच एक रिलीफ व्हॉल्व्ह असतो, म्हणजे स्प्रिंगने दाबून धरलेला छोटा दट्ट्या. सुझुकीच्या या इंजिनांत प्रेशर दर चौरस सेंटिमीटरला ३ ते ४ किलोच्या आसपास गेलं की तो सरकतो आणि जादा ऑइल परत फिरवतो. कचरा अडकून हा दट्ट्या उघडाच राहिला, तर प्रेशर कधीच चढत नाही. ‘पंप गेला’ म्हणतात त्यातल्या काही गाड्यांत एवढंच झालेलं असतं, आणि तो साफ केला की काम भागतं.

दिवा काय सांगतो, काय सांगत नाही

लाल दिवा ऑइल किती आहे ते सांगत नाही; प्रेशर आहे की नाही, एवढंच सांगतो. त्याचा स्विच साधारण ०.३ किलोच्या आसपास, म्हणजे प्रेशर जवळजवळ संपल्यावर लागतो. पळत्या गाडीत ज्या इंजिनाला ३ किलो मिळायला हवं, त्याला पाऊण किलो मिळत असलं तरी दिवा गप्पच राहणार. म्हणून दिवा लागला की ‘पुढच्या पेट्रोल पंपापर्यंत नेऊ, तिथे ऑइल घालू’ हा विचार महाग पडतो. गाडी लगेच बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा. पाच-दहा मिनिटं थांबून सपाट जागी डिपस्टिक पाहा. ऑइल कमी असेल तर भरा, सुरू करा, आणि दोन-चार सेकंदांत दिवा विझतो का बघा. ऑइल पुरेसं असूनही दिवा जात नसेल, तर गाडी ओढून न्यायची. चालवत न्यायची नाही, गॅरेज एक किलोमीटरवर असलं तरी.

दिवा कधी लागतो यावरून पुष्कळ कळतं. खंबाटकीच्या किंवा आंबोलीच्या वळणांवर क्षणभर लागून विझत असेल, तर शक्यता अशी की ऑइल कमी आहे. वळणावर ते एका बाजूला जातं, जाळी उघडी पडते आणि पंप हवा ओढतो. सकाळी सुरू केल्यावर विझायला वेळ लागत असेल, तर फिल्टर किंवा जाळीच्या नळीच्या जोडावर संशय घ्यावा. चांगल्या फिल्टरमध्ये एक रबरी झडप असते. रात्री फिल्टरमधलं ऑइल ती खाली उतरू देत नाही, आणि स्वस्तातल्या नकली फिल्टरमध्ये नेमकी तीच निकामी असते. ट्रॅफिकमध्ये इंजिन तापलं, गाडी उभी आहे, तेव्हाच लुकलुकतो आणि किंचित रेस दिली की जातो? मग तापून पातळ झालेलं ऑइल वाढलेल्या फटींतून निसटतंय. हे झिजेचं लक्षण, आणि ही झीज बहुधा बेअरिंगची असते.

चावी फिरवल्यावर, इंजिन सुरू व्हायच्या आधी हा दिवा लागलाच पाहिजे. जुन्या मारुतीत स्विचला एकच वायर असते. ती निघाली तर दिवा कधीच लागत नाही, आणि घासून बॉडीला टेकली तर विझतच नाही. सेकंडहँड गाडी घेताना हे आवर्जून बघा. झिजलेल्या इंजिनाचा दिवा दुसऱ्याच दिव्याच्या वायरला जोडून देणारे महाभाग बाजारात आहेत. दोन्ही दिवे अगदी एकाच क्षणी विझत असतील तर शंका घ्यायला जागा आहे.

पंप उपाशी का राहतो

सगळ्यात मोठा गुन्हेगार जाळी. शहरात दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीचं इंजिन नीट तापतच नाही. आत जमलेला ओलावा उडून जात नाही, ऑइल वेळेवर बदललं जात नाही, आणि हळूहळू डांबरासारखा गाळ धरतो. तो जाळीवर बसतो. गाडी कमी चालते म्हणून ऑइल बदलायचं टाळणाऱ्यांची इंजिनं म्हणूनच आतून जास्त घाण असतात. किलोमीटर भरले नाहीत तरी वर्ष भरलं की ऑइल बदलायचं. कंपनीच्या पुस्तिकेत दोन्ही मुदती दिलेल्या असतात, त्यातली जी आधी येईल ती खरी.

दुसरा गुन्हेगार आपल्याच लोकांनी आत घातलेला असतो. चेंबर बसवताना सिलिकॉनची पेस्ट सढळ हाताने लावली जाते. बाहेर आलेली पेस्ट पुसता येते, पण तेवढीच आतही फुगलेली असते. तिचे तुकडे सुटतात, ऑइलबरोबर फिरतात आणि जाळीला चिकटतात. बारीक अखंड रेघ पुरे असते.

तिसरा खास आपल्या रस्त्यांचा. उंच गतिरोधकावर किंवा दगडावर चेंबर आपटतो, पत्रा आत दबतो आणि जाळीचं तोंड तळाला चिकटतं. ऑइल गळत नाही, डिपस्टिकवर पातळी बरोबर दिसते, आणि पंपाला मात्र घोटभर ऑइल मिळत नाही. ‘खालून लागलं होतं, पण काही झालं नाही’ असं म्हणण्याआधी वाकून चेंबर बघावा.

नळीच्या जोडावर एक रबरी रिंग असते. ती कडक होऊन तडकली की पंप ऑइलऐवजी हवा ओढतो. दहा-वीस रुपयांच्या या रिंगेपायी चांगले पंप भंगारात गेलेत. ऑइल मर्यादेपेक्षा जास्त भरणंही वाईट. फिरणारा क्रँक त्यात बुडतो, घुसळतो, फेस होतो, आणि पंपाला फेस ढकलता येत नाही.

पुराच्या पाण्यात बुडालेल्या गाडीचं वेगळं. २६ जुलै २००५ नंतर मुंबईत अशा गाड्यांची रांग लागली होती. पाणी ऑइलपेक्षा जड. ते चेंबरच्या तळाशी बसतं, आणि जाळीचं तोंड तिथेच आहे. म्हणजे चावी मारल्याबरोबर पंपाच्या तोंडी पहिल्यांदा जातं ते पाणी. ‘एकदा सुरू होतंय का बघतो’ हा मोह तिथे इंजिन घालवतो. चेंबरचा नट काढून आधी सगळं खाली सोडायचं.

इंजिन फ्लश, म्हणजे आतला गाळ धुवायला ओततात ते द्रव, त्याबद्दल माझं मत चांगलं नाही. नियमित ऑइल बदललेल्या इंजिनाला त्याची गरज नसते, आणि गाळाने भरलेल्या इंजिनात तो ओतला की सुटलेला गाळ थेट जाळीवर जाऊन बसतो. एवढा गाळ असेल तर चेंबर उतरवून हाताने साफ करणं हाच इलाज.

जाड ऑइलचंही असंच. दिवा लुकलुकतो म्हणून २०डब्ल्यू-५० घातलं की दिवा थांबतो, कारण जाड ऑइल फटीतून सावकाश निसटतं. झीज तिथेच राहते. शेवटच्या घटका मोजणाऱ्या ८०० मध्ये असे काही महिने काढता येतात, त्याला मी नावं ठेवणार नाही. पण ५डब्ल्यू-३० किंवा ०डब्ल्यू-२० अशा पातळ ऑइलसाठी बनवलेल्या नव्या इंजिनात असं करू नये. तिथल्या फटी अरुंद असतात, आणि थंड इंजिनात जाड ऑइल वरच्या हेडपर्यंत पोचायला उशीर लावतं.

काही नव्या इंजिनांत पंपालाच बेल्ट असतो, तोही ऑइलमध्ये बुडालेला. फोर्डच्या १ लिटर इकोबूस्टचं हेच. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत याच बेल्टच्या कारणावरून फोकस आणि इकोस्पोर्ट गाड्या दुरुस्तीसाठी परत मागवल्या गेल्या. त्यातल्या इकोस्पोर्ट चेन्नईजवळच्या कारखान्यात तयार झालेल्या. अशा इंजिनात पुस्तिकेत सांगितलेलंच ऑइल घालायचं. चुकीच्या ऑइलने बेल्टचं रबर सुटतं आणि तेच जाळीत जातं.

खोलण्याआधी एक गेज

पंपाला हात लावण्याआधी मेकॅनिकला एकच विनंती करा: ऑइलच्या दिव्याचा स्विच काढून त्या जागी प्रेशर गेज लावून दाखव. काम थोड्या वेळाचं. इंजिन गरम असलं पाहिजे, थंड इंजिनाचं रीडिंग फसवं. तीन-चार हजार आरपीएमला ३ किलोच्या वर काटा गेला, तर पंप आणि बेअरिंग दोन्ही ठीक, स्विच बदला आणि घरी जा. काटा खालीच राहिला, तर आधी फिल्टर नवा, मग चेंबर उतरवून जाळी, रिंग आणि दबलेला पत्रा बघायचा. चेंबर उतरलाच आहे तर एक-दोन बेअरिंगच्या टोप्या सोडून आतला थर पाहता येतो. तो घासून तांबूस दिसत असेल, तर नवा पंप घालून काही उपयोग नाही. इंजिनच बांधावं लागणार.

हे सगळं ठीक निघालं तर मग पंप. तो काढायला टायमिंग बेल्ट, क्रँकची पुली, चेंबर, जाळी सगळं उतरवावं लागतं, म्हणजे मजुरी पंपाच्या किमतीला सहज मागे टाकते. झाकण काढून रोटरवर सरळ पट्टी ठेवायची आणि फीलर गेजने, म्हणजे फटीत घालून मोजायच्या पातळ पात्यांनी, फट मोजायची. सुझुकीच्या अशा इंजिनांत ती ०.१५ मिलिमीटरच्या पुढे गेली तर पंप बाद. रोटरवर नखाला लागतील असे चरे असले तरी बाद. क्रँकचं पुढचं ऑइल सील पंपाच्याच अंगात बसतं, ते या वेळी नवं घालायचं. उलट, नुसता टायमिंग बेल्ट बदलायला गाडी दिली असेल तेव्हाही हे सील तपासून घ्यायचं, कारण ते पाझरलं तर ऑइल थेट नव्या बेल्टवर.

नवा पंप कोरडा बसवला तर पहिल्या सुरुवातीला तो ऑइल पकडत नाही, नुसता हवेत फिरतो. म्हणून रोटर ऑइलने भरूनच झाकण लावायचं. सगळं जुळल्यावर इग्निशन कॉइलची जोडणी काढून, इंजेक्शनची गाडी असेल तर पेट्रोल पंपाचा फ्यूजही काढून, नुसता सेल्फ मारायचा. थोडं थांबत थांबत, दिवा विझेपर्यंत. मगच इंजिन सुरू करायचं, आणि पहिली काही मिनिटं रेस द्यायची नाही. बंद केल्यावर पुलीखाली आणि चेंबरच्या कडेने ऑइल पाझरतंय का ते बघायचं, आणि डिपस्टिक पुन्हा तपासायची, कारण नव्या फिल्टरने आपल्या वाट्याचं ऑइल पोटात घेतलेलं असतं आणि पातळी तेवढी खाली आलेली असते.